प्रूफ, पडदा आणि टेप

‘वर्षं’ हा शब्द ज्या पडद्यावर नीट दिसतो, त्यावर बाकीचं मराठी वाचायला सहसा त्रास होत नाही. ‘ष’च्या डोक्यावर रफार आणि त्याला खेटून अनुस्वार. वांद्रे पूर्वेला, साहित्य सहवास या लेखकांच्या वसाहतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, घरूनच पुस्तकांची प्रूफं वाचणाऱ्या एका बाईंनी दोन मॉनिटरांची परीक्षा याच शब्दावर घेतली.

एक जुना, २४ इंची, १९२० बाय १०८० पिक्सेलचा. दुसरा नवा, २७ इंची फोर-के, म्हणजे ३८४० बाय २१६०. पहिल्यात इंचाला ९२ पिक्सेल बसतात, दुसऱ्यात १६३.

तुलना खरी व्हायची तर दोन्हीकडे अक्षर एकाच मापाचं हवं. शंभर टक्क्यांवर ठेवलेल्या जुन्या पडद्यावर १२ पॉइंटच्या अक्षराच्या चौकटीला उभे १६ पिक्सेल मिळतात. एवढ्यातच वरची मात्रा, रफार, शिरोरेषा आणि खालचा उकार बसवायचा. विंडोजसाठीचा ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी मुंबईतच घडवला. पण घडण कितीही चांगली असली, तरी ठिपकेच कमी पडले तर काय करणार? नव्या पडद्यावर प्रमाण १७५ टक्के केलं. पट्टी लावली तर चौकट तेवढीच, साडेचार मिलिमीटरच्या आसपास. मात्र तिच्यात आता उभे २८ पिक्सेल. एकूण ठिपके तिपटीच्या वर.

जुन्या पडद्यावर ‘वर्षं’मधला अनुस्वार रफाराच्या टोकात मिसळून करडा डाग झाला होता. नव्यावर दोघांमधली फट मोकळी दिसली. ‘उत्कृष्ट’चं ‘उत्कृष्ठ’ झालेलं चटकन सापडलं. घ-ध, भ-म यांच्यावर नजर अडखळेना.

मग अंतर मोजायला टेप काढली.

डोळ्यांच्या दवाखान्यातला अक्षरतक्ता १८६२मध्ये हर्मान स्नेलन यांनी मांडला. त्याचा आधार असा, की निरोगी डोळा अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखतो. त्या हिशेबानं जुन्या पडद्याचे पिक्सेल सुमारे ९५ सेंटिमीटरपलीकडे दिसेनासे होतात, नव्याचे ५३ सेंटिमीटरपलीकडेच. बाई खुर्ची मागे नेत एक मीटरवर गेल्या, तसा दोन्हींतला फरक जवळजवळ मिटला. दुकानात दोन-तीन पावलांवरून, धावत्या व्हिडिओवर मॉनिटर निवडणाऱ्याला तो कळणार तरी कसा?

घरात मात्र मीटरभर मागे सरकायला जागाच नाही. टेबल साठ सेंटिमीटर खोल, पाठीमागे भिंत, स्टँड त्यातली बरीच जागा खातो. डोळा पडद्यापासून ५५ सेंटिमीटरवर येतो. मुंबईतल्या बहुतेक घरांत अंतर असं खोलीच ठरवते, म्हणून मॉनिटर घेण्याआधी टेबल मोजणं फार महत्त्वाचं. ज्याचं टेबल ऐसपैस आहे, त्यानं जास्तीच्या पिक्सेलसाठी पैसे न मोजलेले बरे.

एक अडचण जोडणीचीही निघाली. जुन्या एचडीएमआय १.४ पोर्टवर फोर-के सेकंदाला ३० चित्रांवरच अडतं आणि पान सरकवताना मजकूर ठेचकाळतो. ६० चित्रांसाठी एचडीएमआय २.० लागतं.

नंतर कळलं, की बाई हनुवटी वर करून वाचत होत्या. चाळिशीनंतरच्या प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग हातातल्या पुस्तकासाठी, साधारण ४० सेंटिमीटरसाठी असतो. ५५वरचा पडदा मधल्या अरुंद पट्ट्यात सापडतो. पडदा खाली उतरवला, तशी मान सरळ झाली. संगणकापुरता वेगळा चष्मा करायचं ठरलं, आणि टेपनं मोजलेला ५५चा आकडा त्यांनी चष्मेवाल्याला लिहून दिला.