मिअँडर नदीचीं वळणें

वांकड्यातिकड्या वाटेला मराठींत नागमोडी म्हणतात. सर्पाची चाल डोळ्यांपुढें आणून हा शब्द घडविला गेला आहे. प्राचीन ग्रीकांनीं त्याच अर्थाचा शब्द घेतला तो एका नदीपासून. आशिया मायनरच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या, पश्चिम भागांतून वाहणारी मिअँडर ही ती नदी होय. तिचा प्रवाह इतका वांकडा कीं, जें जें वेडेंवांकडें दिसे त्याला लोक तिचेंच नांव देत, असें इसवी सनाच्या आरंभीं होऊन गेलेला भूगोलवेत्ता स्ट्रॅबो यानें नमूद केलें आहे. भूगोलशास्त्राच्या परिभाषेंत नदीच्या वळणांना आजहि हेंच नांव आहे. परंतु या नदीनें ग्रीकांना केवळ एक शब्द दिला असें नव्हे. तिच्या मुखाशीं जीं नगरें भरभराटीस आलीं, त्यांच्या ऱ्हासासहि तीच कारण झाली.

ही नदी आजच्या दिनार गांवाजवळ उगम पावते आणि सुमारें साडेपांचशें किलोमीटर वाहत जाऊन ईजियन समुद्राला मिळते. तिचा खालचा प्रवाह डोंगरांच्या दोन रांगांमधील रुंद व सपाट खोऱ्यांतून जातो. भूकवचाला भेगा पडून मधला पट्टा खचल्यामुळें हें खोरें तयार झालें. उतार अगदीं थोडा आणि जमीन मऊ गाळाची. अशा ठिकाणीं नदी सरळ वाहूं शकत नाहीं.

याचें कारण समजण्यास चहाचा पेला पुरेसा आहे. पेल्यांतील चहा चमच्यानें ढवळला म्हणजे तळाचीं पानें कडेला न जातां मध्यभागीं गोळा होतात. फिरणारें पाणी बाहेर रेटलें जातें; पण तळाशीं घर्षणामुळें वेग मंदावतो, आणि तेथील पाणी उलट आंत सरकून पानांना बरोबर नेतें. आल्बर्ट आइन्स्टाइन यांनीं १९२६ सालीं हाच दृष्टान्त देऊन नदीच्या वळणांची उपपत्ति मांडली. वळणावर बाहेरचा कांठ खरवडला जातो, व माती आणि वाळू आंतल्या कांठाला जाऊन बसते. म्हणून लहानसें वळणहि वाढत जातें. शेवटीं दोन वळणें एकमेकांना भिडतात, नदी मधली चिंचोळी पट्टी फोडून पुढें जाते, आणि जुनें पात्र तळें होऊन मागें राहतें.

अशा नदीच्या कांठीं शेती करणाराची स्थिति काय असेल, हें स्ट्रॅबोच्याच एका नोंदीवरून कळतें. नदीनें एखाद्याच्या शेताचा कोपरा तोडला व शिवेंत फरक पडला, तर तो नदीवर फिर्याद करी. अपराध शाबीत झाल्यास नदीला दंड होई, आणि तो पैलतीरीं नेणाऱ्या होड्यांच्या भाड्यांतून वसूल केला जाई!

या नदीच्या मुखाजवळ, लॅटमसच्या आखाताच्या तोंडावर, मायलीटस हें आयोनियन ग्रीकांचें अग्रगण्य नगर वसलें होतें. त्याला चार बंदरें होतीं. इ. स. पू. ६ व्या शतकांत थेलीस, अनॅक्झिमँडर व अनॅक्झिमिनीज हे तत्त्ववेत्ते येथेंच झाले. इ. स. पू. ४९९ मध्यें आयोनियन नगरांनीं इराणी सत्तेविरुद्ध बंड केलें. ४९४ मध्यें समोरच्या लेडी बेटापाशीं त्यांच्या ३५३ युद्धनौकांचा पराभव झाला आणि मायलीटस पडलें. पुढें फ्रिनिकस या कवीनें त्या पाडावावर नाटक रचलें, तेव्हां अथेन्सचें प्रेक्षागृह रडूं लागलें, आणि स्वजनांच्या दुःखाची आठवण करून दिल्याबद्दल कवीला १००० ड्राक्मा दंड झाला.

तरीहि तें नगर पुन्हा उभें राहिलें, आणि तेंहि काटकोनांत छेदणाऱ्या सरळ रस्त्यांच्या आखणीनें. अशा नगररचनेशीं ज्याचें नांव जोडलें जातें तो हिपोडेमस मायलीटसचाच नागरिक होता.

इराणी आरमाराला जें कायमचें साधलें नाहीं, तें गाळानें साधलें. मिअँडरचें मैदान नदीनेंच भरून काढलेलें आहे, हें हिरोडोटसनें इ. स. पू. ५ व्या शतकांतच ओळखलें होतें. डोंगरांवरील झाडें तुटलीं, उतार नांगराखालीं आले, तशी माती अधिकच सुटी झाली. म्हणजे या कामीं माणसांचाहि हातभार लागला. प्रथम बळी पडलें तें मायअस. लेडीच्या लढाईस तीन नौका पाठविणाऱ्या या लहान नगरापुढील आखाताचें तोंड बुजून त्याचें गोडें तळें झालें. डांस इतके माजले कीं नागरिक देवांच्या मूर्ति घेऊन मायलीटसला निघून गेले, असें इ. स. २ ऱ्या शतकांतील प्रवासी पॉसेनिअस लिहितो. प्रायीनी हें नगर एके काळीं समुद्रकांठीं होतें. स्ट्रॅबोच्या वेळीं समुद्र तेथून ४० स्टेडिया, म्हणजे सुमारें सात किलोमीटर, दूर गेला होता. अखेर मायलीटसचीं बंदरेंहि भरून गेलीं. आज त्याचे अवशेष समुद्रापासून आठ-नऊ किलोमीटर आंत आहेत, आणि जुन्या आखाताचा उरलेला भाग बाफा सरोवर या नांवानें ओळखला जातो.

ग्रीक कलेंत काटकोनांत वळत, मागें फिरत, पुन्हा पुढें जाणाऱ्या रेषेच्या नक्षीला याच नदीचें नांव मिळालें आहे. मात्र ती नक्षी या नदीपासूनच निघाली असें मानणें बरोबर नाहीं. इ. स. पू. ८ व्या शतकांत अथेन्समध्यें एका स्त्रीच्या समाधीवर ठेवलेला दीड मीटरांहून उंच कुंभ या नक्षीच्या पट्ट्यांनीं भरलेला आहे, आणि अथेन्स तर समुद्राच्या पलीकडे. ग्रीसबाहेरील कित्येक प्राचीन लोकांनाहि ती ठाऊक होती. नक्षी जुनी, नांव मागाहून मिळालेलें. पण तें चपखल बसलें. मायलीटसच्या सत्तेखालील डिडिमा येथें अपोलोचें प्रचंड मंदिर आहे. त्यांतील दोन जिन्यांच्या छतांवर हीच नक्षी मोठ्या आकारांत कोरलेली असून, बांधकामाच्या हिशेबाच्या शिलालेखांत त्या जिन्यांना चक्रव्यूहाचा वाचक असा ग्रीक शब्द योजिला आहे. रोमन कवि ओव्हिड यानेंहि क्रीट बेटांतील डेडॅलसच्या चक्रव्यूहाला उपमा दिली ती याच नदीची.

डिडिमाच्या छतावर ती रेषा दगडांत स्थिर झाली आहे. नदीला मात्र तशी स्थिरता नाहीं. ती एका कांठाची माती घेते आणि दुसरीकडे नेऊन घालते. तिनें समुद्र घेतला आणि त्याच्या जागीं जमीन दिली. लेडी बेट आज सपाट रानांतील एक टेकडी आहे, आणि जेथें आयोनियनांचें आरमार उभें होतें त्या मैदानांत आतां कापूस पिकतो.