हाताला काम, पंगतीत जागा

महाड-पोलादपूरच्या डोंगराळ मुलखात घरातील माणसाला मनोरुग्णालयात ठेवण्याची वेळ आली म्हणजे एक तर उत्तरेस ठाण्याची वाट धरावी लागते, नाही तर कशेडी घाट ओलांडून रत्नागिरीची. तेथून परतलेल्यांचे पुढे काय होते, याविषयी लिहावे, असे संपादकांनी सुचविले. परंतु परतणारा माणूस मागे काय सोडून येतो हे आधी पाहावे, अशा विचाराने मी एका शासकीय मनोरुग्णालयातील व्यवसायोपचाराच्या दालनात रुजू झालो.

या शास्त्राचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. इंग्लंडात यॉर्क येथे विल्यम ट्यूक यांनी 1796 साली उघडलेल्या आश्रयगृहात रुग्णाला धाकाऐवजी माणुसकीने वागवून त्याच्या हाती काम देण्याची प्रथा पडली. आणि भारतात या विद्येचे पहिले विद्यालय 1950 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात स्थापन झाले ते जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकर यांच्या पुढाकाराने.

दालनात माझे चित्त गुंतले ते वेताच्या खुर्चीत. भिजवून मऊ केलेली वेताची पट्टी चौकटीच्या भोकांतून ओवायची आणि सुटू नये म्हणून लाकडी खुंटीने दाबून धरायची. आधी उभे पदर, त्यांवर आडवे, पुन्हा उभे, पुन्हा आडवे, आणि शेवटी दोन तिरपे. तिरपा पदर चुकीच्या बाजूने गेला की तो आडव्या-उभ्यांशी घासत राहतो आणि कालांतराने तेथेच तुटतो. सबब तो उसवून पुन्हा घालण्यावाचून गत्यंतर नसते. पोलादपूरकडचे एक प्रौढ गृहस्थ असाच एक पदर सावकाश मागे काढीत होते. शेजारी मास्तर दुसरी खुर्ची विणीत बसले होते. त्यांनी हात पुढे केला नाही, की घाईही केली नाही.

या मंडळींना येथे काय मोलाचे वाटते, असे विचारता कोणीही प्रथम कलाकुसरीचे नाव घेतले नाही. बोलले नाही तरी चालते, पण एकटे बसावे लागत नाही. चुकले तर उसवता येते. विणलेल्या खुर्चीवर उद्या खरोखरच कोणी बसणार असते. आणि एखादा दिवस आपण आलो नाही तर कोणी तरी चौकशी करते, एवढेच त्यांचे म्हणणे. उलट, पोरासोरांना द्यावीत तशी रंग भरण्याची चित्रे पुढे ठेवली की त्यांचा मान दुखावतो. आपल्यावाचून काही तरी अडते, ही जाणीव हेच या उपचाराचे सार होय, अशी माझी खात्री झाली.

चिंता सुरू होते ती रवानगीनंतर. घरची माणसे मायेनेच म्हणतात, "तू बस, तुला काय करायचंय?" आणि राब भाजण्यापासून भाताच्या लावणीपर्यंत सारा गाव राबत असता हा एकटा पडवीत बसून राहतो. ज्या तालुक्यांतील कर्ते पुरुष पोटासाठी मुंबईस जातात, जेथे जुलै 2021 च्या अतिवृष्टीत तळियेसारखी वाडी दरडीखाली गडप झाली, तेथे दुसऱ्याचे मन जपण्यास सवड काढणे सोपे नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

दुसरा धोका याच्या उलट. काम हा उपचार आहे, असे म्हणता म्हणता त्याची वेठ होण्यास वेळ लागत नाही. म्हणूनच 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आस्थापनेत रुग्णावर कामाची सक्ती करण्यास मनाई केली आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला त्याचा हक्क ठरविला. घराच्या उंबऱ्याआत मात्र असा पहारा नसतो; तेथे बिनमजुरीचा गडी आणि निरुपयोगी ओझे या दोन टोकांच्या मधली जागा रुग्णाला मिळणे दुर्घट होऊन बसते.

ती जागा मिळवून देण्यास मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. रवानगीच्या कागदावर औषधांची मात्रा लिहितात, तिच्याखालीच या माणसाला कोणते काम येते, ते त्याने कोणाच्या सोबतीने करावे, आणि नको म्हणाला तर त्याचे ऐकावे, एवढे लिहून घरच्यांना समजावून सांगितले पाहिजे. औषध चुकू नये म्हणून जी तसदी आपण घेतो, तीच यासाठीही घेतली पाहिजे.