रात्रीसाठी बांधलेलं खुराडं

पहाटे ५.३०

आमच्या परसात पहाटे दोन कोंबडे आरवतात. एक घरचा, लांब सूर लावणारा. दुसरा कुंपणापलीकडचा राखी रानकोंबडा, तुटक आणि घाईघाईचा. गणेशगुडीत घर आणि रान यांच्यामध्ये एवढंच एक कुंपण असतं. सुपा धरणाच्या कामामुळे वाढलेली ही वस्ती. १०१ मीटर उंचीचं ते धरण १९८७ साली पुरं झालं, कामगार पांगले आणि गावाला चहूकडून काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल उरलं. पर्यटक इथे धनेश पाहायला येतात. रान आमच्या कोंबड्या पाहायला येतं.

फेब्रुवारीत चौदा कोंबड्या होत्या. एका रात्रीत कांडेचोराने, म्हणजे उदमांजराने, तीन मारल्या, नेली एकच. मग गेल्या महिन्यात एके सकाळी सासूबाई खुराडं उघडायला गेल्या आणि तशाच मागे फिरल्या. "अगं, बाहेर ये, पण हळू." आत अजगर होता. निसटलेल्या फळीच्या चार बोटं फटीतून शिरला, एक कोंबडी गिळली, आणि पोट फुगल्यावर त्याच फटीतून त्याला बाहेर पडता येईना. वनखात्याच्या माणसांनी त्याला पोत्यात घालून रानात सोडलं. कोंबड्या उरल्या दहा.

आज मे महिन्यातला शेवटचा रविवार. मृगाला जेमतेम आठवडा. आज खुराडं झालं नाही तर ते दिवाळीलाच होणार.

सकाळी ७.००

आधी जागा. जुनं खुराडं फणसाखाली होतं, सावलीसाठी. मे महिन्यात फणस पिकला की त्या वासाने कांडेचोर झाडावर येतो, आणि झाडावरून छपरावर उतरायला त्याला उडीसुद्धा मारावी लागत नाही. म्हणून नवी जागा झाडापासून पंधरा फूट लांब, किंचित उताराची, पाणी थांबणार नाही अशी.

लांबी पूर्व-पश्चिम ठेवली, म्हणजे दुपारचं ऊन लांब भिंतीतून आत घुसत नाही. पावसाची झड इथे नैर्ऋत्येकडून येते, म्हणून ती बाजू फळ्यांनी बंद. चुन्याने रेघा मारल्या. खुराडं आठ बाय चार फूट, त्याला लागून फिरायचं जाळीचं अंगण बारा बाय आठ. रात्री बसायला एका गावठी कोंबडीला दोन चौरस फूट पुरतात. दहाजणींना वीस. आम्ही बत्तीस धरले, कारण आषाढात त्यांना दिवससुद्धा आतच काढावे लागतात.

सकाळी ८.३०

नवरा राफ्टिंगच्या कामावर गेला. रविवारी गिऱ्हाईक जास्त, आणि धरणातून पाणी सुटलं की नदी कोणासाठी थांबत नाही. त्याच्या जागी शेजारचे मेस्त्रीमामा करवत घेऊन आले.

सहा खांब अकेशियाचे. जमिनीत जाणारा भाग आधी शेकोटीवर भाजून काळा केला, वर जळकं ऑइल फासलं आणि दोन फूट खड्ड्यात उभे केले. भिंतींसाठी पोफळीच्या चिरफाळ्या. रानातला बांबू तोडता येत नाही, तोडूही नये. सासूबाईंच्या माहेरच्या बागेत वाऱ्याने पडलेल्या चार पोफळी होत्या, त्याच आणल्या.

"पोफळ बाहेरून लोखंड, आतून कापूस," मामा म्हणाले. "गाभा ठेवलास तर पाणी पिईल आणि दोन पावसात कुजेल." मग दोन तास मी कोयत्याने गाभा तासत बसले. खुराडं जमिनीपासून अडीच फूट उंच ठेवलं. खाली कोरडी सावली मिळते आणि झाडू फिरतो.

सकाळी १०.३०

आता दिवसाचं खरं काम, जाळी. बाजारात दोन जाळ्या मिळतात. एक षट्कोनी भोकांची, पातळ तारेची, स्वस्त. तिलाच लोक कोंबडीजाळी म्हणतात. ती कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो आणि पावसाळ्यात ती बुडापासून गंजते. दुसरी वेल्डमेश, चौकोनी, प्रत्येक सांध्यावर तार डागलेली. खुराड्याच्या सगळ्या उघड्या जागांना आणि अंगणाच्या खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावली. वरच्या भागाला एक इंचाची. अंगणावर छतासारखी तीच ताणली, कारण शिक्रा आकाशातून येतो.

इंचाइंचाचा हट्ट मामांचा. "बोट जातं तिथे साप जातो. मूठ जाते तिथे मुंगूस. डोकं गेलं की कांडेचोर अख्खा गेला म्हणून समज." प्रत्येक कोपऱ्यात ते बोट घालून पाहत होते.

खालून उकरणाऱ्यांसाठी जाळी जमिनीपाशी काटकोनात वळवली, बाहेरच्या अंगाला एक फूट आडवी पसरली, वर माती आणि जांभ्याचे तुकडे दाबले. उकरणारा प्राणी भिंतीच्या बुडाशीच नखं लावतो. तिथे तार लागली की बाजूला सरकतो, पुन्हा बुडाशीच उकरतो. फूटभर मागे जाऊन सुरुवात करावी हे त्याला सुचत नाही. आमचा सगळा भरवसा यावरच आहे.

दुपारी १२.३०

ऊन सोसवेना. कोंबड्या चोच उघडून धापा टाकत होत्या. त्यांना घाम येत नाही, अंगातली उष्णता श्वासावाटे जाते. पाण्याची परात सावलीत सरकवली. आम्ही भाकरी आणि फणसाची भाजी घेऊन ओटीवर बसलो.

सासूबाई त्यांच्या लाडक्या तलंगीच्या पिवळ्याधमक पायांकडे पाहत होत्या. पाय पिवळे म्हणजे कोंबडी धडधाकट, हा त्यांचा ठोकताळा. मी त्यांना सांगितलं, कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा खरा, पण पिवळ्या कातडीचा गुण तिला या आपल्या राखी रानकोंबड्याकडून आला, असं २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं. सासूबाईंनी कुंपणाकडे पाहिलं. "म्हणजे पहाटे ओरडतो तो मेला आपला पाहुणाच की!"

जेवताना मानमोडीचा विषय निघाला. कांडेचोर तीन मारेल, मानमोडी आली तर खुराडंच रिकामं करते. भारतात हा रोग १९२७-२८ च्या सुमारास रानीखेतला ओळखला गेला, म्हणून त्याचं सरकारी नाव रानीखेत. त्यावर औषध नाही, लसच आहे. लसीची कुपी निदान शंभर कोंबड्यांना पुरेल एवढी येते आणि फोडली की लगेच संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोण आणणार? म्हणून आळीतल्या सात घरांनी एकच दिवस ठरवला आहे. बर्फाच्या थर्मासमधून कुपी येणार आणि सगळ्यांच्या कोंबड्या एका संध्याकाळी उरकणार.

दुपारी २.३०

छप्पर. माझ्या मनात मंगलोरी कौलं होती, घरामागे रास पडलेली आहे. मामांनी वर बोट दाखवलं. समोरच्या झाडावर वानरांचा कळप बसला होता. कौलावर त्यांची एक उडी पडली की फट तयार. म्हणून पत्रा घातला. उतार चांगला दीड फुटाचा आणि वळचण दोन फूट बाहेर.

पत्र्याखाली सगळीकडून सहा इंच जागा मोकळी सोडून तिथे जाळी मारली. पावसात विष्ठा ओली होते, तिचा उग्र वायू साचतो, डोळ्यांना झोंबतो आणि कोंबड्यांच्या छातीत बसतो. गरम हवा वर चढते, म्हणून वाट वरच हवी. खाली जुन्या सेंट्रिंगच्या फळ्या आणि त्यांवर तीन इंच भाताचं तूस. पावसाळ्यात ते दर दोन-तीन दिवसांनी उलथायचं, ओलं काढून कोरडं घालायचं. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि आधी पिल्लं जातात.

दुपारी ४.३०

आता घरातलं सामान. अंडी घालायला पंधरा किलोचे तेलाचे तीन डबे, एका बाजूने कापून कडा आत ठोकलेले, आडवे ठेवून गवत भरलेलं. चार कोंबड्यांना एक डबा पुरतो, कारण दोन डबे रिकामे असले तरी सगळ्याजणी तिसऱ्याचीच वाट पाहत उभ्या राहतात.

बसायला दोन दांड्या. मी एक उंच, एक खाली लावायला निघाले होते. मामांनी दोन्ही एका पातळीत लावायला सांगितल्या, नाहीतर वरच्या दांडीसाठी रोज भांडण. कोण कोणाला टोचणार आणि कोण मुकाट सोसणार हे कोंबड्यांत ठरलेलं असतं. नॉर्वेच्या श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२१ मध्ये यावरच प्रबंध लिहिला. मामांनी तो वाचलेला नाही, पण दांड्या त्याबरहुकूम लावल्या. फक्त डब्यांपेक्षा वर, नाहीतर रात्री डब्यातच झोपून अंड्यांवर घाण करतात. कोपऱ्यात करवंटी टांगली, तिच्यात कुटलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या, अंड्याचं कवच घट्ट व्हावं म्हणून.

संध्याकाळी ६.३०

एवढं करून कोंबड्यांनी नव्या घराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दिवस कलला तशा सगळ्या फणसाखालच्या मोडक्या खुराड्याकडे निघाल्या. हुसकावलं तर दोघी फणसावर चढल्या. सासूबाई म्हणाल्या, "अंधार पडू दे. अंधारात कोंबडी आंधळी."

साडेसातला बॅटरी मंद करून एकेक उचलली आणि दांडीवर ठेवली. पंख न फडफडवता बसली. आता चार दिवस आतच ठेवायच्या, मग घर कुठलं हे त्यांना वेगळं शिकवावं लागणार नाही.

मोजल्या तर नऊ. दहावी खुडूक बसलेली, जुन्या खुराड्यात टोपलीत नऊ अंड्यांवर. एकवीस दिवसांतला तिचा चौदावा दिवस. सासूबाईंनी टोपलीवर फडकं टाकलं आणि कोंबडी, अंडी, टोपली सगळं एकदम उचलून एका डब्याशेजारी आणून ठेवलं. ती नुसती गुरगुरली, उठली नाही.

रात्री ९.००

दाराला वर कडी, खाली खिट्टी. एक विसरली तर दुसरी असावी म्हणून. नवरा आला, बॅटरी मारून सगळीकडे फिरला आणि दाराच्या बिजागरीपाशी थांबला. तिथे त्याचं बोट आत गेलं. रात्री सव्वानऊला पत्र्याची पट्टी शोधून ती ठोकली. मग सासूबाईंनी भोवताली चुलीची राख पसरली. मुंग्यांसाठी, त्या म्हणाल्या.

सकाळी राखेत पावलं होती. छोटी, पाच बोटांची, फणसाकडून आलेली. तीन बाजू फिरून दारापाशी आली आणि परत गेली. आत दहा कोंबड्या होत्या.

तुमच्याकडे खुराडं असेल तर आज संध्याकाळी त्याच्याभोवती एक फेरी मारा आणि प्रत्येक सांध्यात बोट घालून पाहा. जिथे बोट आत गेलं, तिथे मृगाआधी जाळी ठोका.