गाडी चालवली १७ वर्षांच्या मुलाने, मग जेलमध्ये कोण जाणार?

‘क्लासला उशीर होतोय, स्कूटर नेऊ?’ अकरावी-बारावीची मुलं असलेल्या घरात हा प्रश्न रोजचाच. पण चावी देण्याआधी कायदा काय सांगतो, ते पाहूया.

१६ वर्षं पूर्ण झाल्यावर लायसन्स मिळतं, पण फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीचं. आपल्या घरातल्या स्कूटर बहुतेक ११० किंवा १२५ सीसीच्या. त्यासाठी वय १८ हवं.

नियम मोडला तर?

२०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लर्निंग लायसन्सही मिळत नाही. ‘मला न सांगता नेली’ हे पालकांनाच सिद्ध करावं लागतं.

मे २०२४ मधलं पुण्याचं पोर्शे प्रकरण आठवतंय? दोन तरुण इंजिनिअर गेले. त्यात १७ वर्षांच्या मुलाच्या वडिलांनाही अटक झाली होती.

मग शिकवायचं कधी?

१८ पूर्ण झाल्यावर लर्निंग लायसन्स काढा. ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. पण पाऊस, रात्र, घाट, हायवे यांचा सराव ३० दिवसांत होत नाही. त्यासाठी काही महिने शेजारी बसा.

बाकी धडे आधीच सुरू झालेले असतात. तुम्ही राँग साइडने गाडी घालता, तेव्हा मागे बसलेलं मूल शिकतच असतं.