देवळाच्या दारात पोकेमॉन का दिसतो? 'पोकेमॉन गो'च्या नकाशामागची गोष्ट

मागच्या रविवारी खारदांड्याला ताईच्या सासरी गेलो होतो. भाचा माझा फोन घेऊन गल्लीत पोकेमॉन पकडत फिरत होता. देवळासमोर थांबला आणि म्हणाला, "मामा, देवाच्या दारात राक्षस कसा काय?"

प्रश्न बरोबर आहे. पोकेमॉन म्हणजे 'पॉकेट मॉन्स्टर', खिशातले राक्षस. त्यातले बरेच जुन्या पुराणकथांमधूनच आलेत. भाच्याचा आवडता मॅजिकार्प घ्या. निव्वळ बिनकामाचा मासा, पण त्याचा गायराडोस होतो, म्हणजे ड्रॅगनसारखा अक्राळविक्राळ प्राणी. धबधबा चढून जाणारा मासा ड्रॅगन होतो, ही चीनमधली जुनी दंतकथा त्यामागे आहे. पाण्याजवळ पाण्यातले पोकेमॉन जास्त दिसतात, त्यामुळे दांड्याच्या किनाऱ्यावर भाच्याची चंगळ असते.

पण देवळाचं काय? 'पोकेमॉन गो' बनवणाऱ्या नायान्टिकने २०१२ मध्ये 'इन्ग्रेस' नावाचा गेम आणला होता. त्यात खेळाडू आपापल्या भागातले पुतळे, देवळं, चर्च, कारंजी यांचे फोटो लोकेशनसकट पाठवायचे. २०१६ मध्ये 'पोकेमॉन गो' आला तेव्हा त्यातले बरेच पॉइंट उचलून पोकेस्टॉप आणि जिम बनवले गेले. म्हणजे देऊळ कंपनीने निवडलं नाही, तुमच्या-माझ्यासारख्या कुणीतरी फोटो काढून पाठवलं.

यावरून वादही झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये गुजरात हायकोर्टात याचिका गेली की गेममधली अंडी प्रार्थनास्थळांमध्ये मिळतात, त्यामुळे भावना दुखावतात. कोर्टाने नोटीसही काढली. तांत्रिक बाजूने बघितलं तर अंडं देवळात नसतंच. पोकेस्टॉप म्हणजे फक्त अक्षांश-रेखांश. तुम्ही ठरावीक अंतरात आलात, गोल फिरवलात, की सर्व्हर तुमच्या खात्यात वस्तू टाकतो. त्यात कधी अंडं असतं. आता हे समजल्यावर भावना दुखावणं थांबेल का, हा वेगळा विषय.

एक गंमत इंजिनिअर म्हणून मला फार आवडते. गेम पृथ्वीचे चौकोनी तुकडे पाडतो, त्यांना एस-टू सेल म्हणतात. लेव्हल १७ चा सेल साधारण ७० मीटर लांब-रुंद असतो आणि खेळाडूंनी शोधून काढलेल्या नियमानुसार अशा एका सेलमध्ये एकच पोकेस्टॉप दिसतो. कोळीवाड्यासारख्या दाटीच्या वस्तीत दोन देवळं शेजारी असतील तर एकच नकाशावर येणार. तुमच्या गल्लीतला देव गायब असेल तर कदाचित कारण एवढंच असेल. किंवा मग तो कुणी पाठवलाच नाही.

भाच्याने लगेच आयडिया काढली, "मामा, आपल्या अंगणातलं देऊळ पाठव ना!" वरच्या लेव्हलच्या खेळाडूंना 'वेफेअरर'मधून जागा सुचवता येते आणि इतर खेळाडू ती तपासतात. मी फोटो काढलासुद्धा. पण खाजगी घराच्या आवारातली जागा नियमात बसत नाही. ताईच्या सासूबाईंना नियम माहीत नव्हता, तरी त्यांनी नेमकं तेच विचारलं, "रात्री अकराला कोण कुठली पोरं दारात उभी राहिली, तर चहा कोण करणार, तू?"

हे फक्त फोटोपुरतं नाही. काही पोकेस्टॉपवर फोन फिरवून व्हिडिओ स्कॅन करण्याचं टास्क मिळतं, बक्षीसही असतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये नायान्टिकने सांगितलं की खेळाडूंच्या अशा स्कॅनवर जगाची थ्रीडी समज असणारं एआय मॉडेल तयार होतंय. २०२५ मध्ये गेम स्कोपली कंपनीला विकला गेला आणि नकाशाचं काम नायान्टिक स्पेशियल या वेगळ्या कंपनीकडे राहिलं. स्कॅन करणं ऐच्छिक आहे. तेव्हा टास्क घेण्याआधी फ्रेममध्ये काय येतंय ते बघा. देवळाच्या मागे कुणाची खिडकी असते, कुणी मासळी साफ करत बसलेलं असतं. त्यांनी काही होकार दिलेला नसतो.

अंगणातल्या देवाचा फोटो मी डिलीट केला. भाचा थोडा वेळ रुसला, मग पुन्हा किनाऱ्यावर पळाला. मॅजिकार्पचा गायराडोस करायला ४०० कँडी लागतात आणि त्याच्या अजून २७१ च झाल्यात.