वारा समोरून, शीड गुंडाळलेले

मुंबईत बांधलेल्या ‘सुहैली’ या ३२ फुटी लाकडी बोटीतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिलेच. वारा वाढला की त्यांना हेलकावणाऱ्या नाळेवर जाऊन मोठे शीड उतरवावे आणि लहान चढवावे लागे.

आज हे काम बोटीच्या मागच्या भागात बसून होते. पुढच्या शिडाची उभी कडा, डोलकाठीला नाळेकडून ताणून धरणाऱ्या पुढच्या तारेभोवती फिरणाऱ्या नळीच्या खाचेत बसवलेली असते. नळीच्या तळाच्या चक्रीवरचा दोर ओढला, की शीड खिडकीच्या पडद्यासारखे गुंडाळले जाते. हेच रोलर फर्लिंग. नांगर टाकताना त्याच्याइतकी सोय दुसरी नाही. कस लागतो तो जोराच्या वाऱ्यात, वाऱ्याविरुद्ध वर चढताना.

उन्हाळ्यात दुपारी कोकण किनाऱ्यावर वायव्येचा वारा सुटतो आणि गोव्याहून मुंबईकडे निघालेल्या शीडबोटीला तो समोरून भिडतो. थेट वाऱ्यात कोणतीच शीडबोट जात नाही. साधारण ४५ अंशांचा कोन राखत, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी नागमोडी वाट काढावी लागते. समजा, वारा २५ नॉटचा आणि बोटीचा वेग ६ नॉट. वारा पाठीशी असेल, तर शिडाला जाणवतो १९ नॉटचा वारा; वर चढताना जवळपास ३० नॉटचा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तोच वारा आता सुमारे २.४ पट जोराने रेटतो.

अशा वेळी शीड लहान हवे आणि सपाटही हवे.

गुंडाळल्याने ते लहान होते, सपाट होत नाही. जेनोआ या पुढच्या मोठ्या शिडाला हलक्या वाऱ्यासाठी मधोमध पोट दिलेले असते. सरळ नळीवर वर, खाली आणि मध्ये सारखेच कापड गुंडाळले जाते. मधले जादा कापड तसेच राहून फुगते. त्यात वाऱ्याला आधी भिडणारी कडा गुंडाळीमुळे जाड होते. मग बोट पुढे कमी सरकते आणि कलते जास्त.

यावर शीड शिवणारे कारागीर कडेलगत फोमची पट्टी शिवतात, मध्ये जाड आणि टोकांना निमुळती. त्यामुळे दर वेढ्याला मधले कापड जास्त ओढले जाते. खलाशीही डोलकाठीचा मागचा तणाव-दोर ताणून पुढच्या तारेचा झोळ काढतात, शीड खेचणाऱ्या दोराची कप्पी पुढे सरकवतात आणि मुख्य शीडही आखडतात. एवढे करूनही क्षेत्रफळ साधारण ३० टक्क्यांहून अधिक घटवले, की शिडाचा आकार बिघडतो. चक्रीचा दोर झिजून तुटला तर आणखी पंचाईत: ऐन वाऱ्यात सगळे शीड उलगडते.

म्हणूनच लांबच्या सफरीच्या अनेक बोटींवर पुढच्या तारेच्या मागे आणखी एक तार असते. तिच्यावर जाड कापडाचे, मुळातच सपाट शिवलेले लहान शीड चढवतात आणि जेनोआ पूर्ण गुंडाळून ठेवतात. खोल समुद्रातील शर्यतींचे नियमही वादळी शिडाबाबत हीच काळजी घेतात: नळीची खाच निकामी झाली, तरी ते शीड तारेला बांधता आले पाहिजे.