मुंबईला जाल तेव्हा मणिभवन पाहून या



सुगी आटोपली, की आपल्यापैकी पुष्कळजण मुंबईला लेकाकडे किंवा लेकीकडे जातात. कुणाचे बिऱ्हाड अंधेरी-बोरिवलीला, कुणाचे घाटकोपर-मुलुंडला. राणीची बाग होते, चौपाटी होते आणि आपण परत फिरतो. पुढच्या खेपेस एक सकाळ राखून ठेवा आणि गावदेवीचे मणिभवन पाहा.

अंधेरी-बोरिवलीहून धीम्या लोकलने ग्रँट रोडला उतरावे. घाटकोपर-मुलुंडकरांनी दादरला गाडी बदलावी. पश्चिमेकडे बाहेर पडून नाना चौकातून पायी जाता येते. निघण्यापूर्वी उघडण्याची वेळ मुलांकडून विचारून घ्या.

हे घर रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचे. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजींचा मुंबईतला मुक्काम इथे असे. रौलट कायद्याविरुद्धचा १९१९ चा सत्याग्रह इथूनच सुरू झाला. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे त्यांना गच्चीवरून पकडून नेले. १९५५ मध्ये गांधी स्मारक निधीने हे घर स्मारक म्हणून घेतले. खाली ग्रंथालय आहे. दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली आहे. बैठक, लिहिण्याचे मेज, चरखे, एवढाच काय तो संसार! बाहुल्यांच्या देखाव्यांतून त्यांचे चरित्र मांडले आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ते समजते.

आता आपल्या कामाची गोष्ट. या घरावरून एक पिंजारी जात असे. कापूस पिंजण्याचे पहिले धडे गांधीजींनी त्याच्याकडून घेतले. बॅरिस्टर माणूस, वय पन्नाशीजवळ. पण पिंजाऱ्याला गुरू करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. गाई-म्हशींवर होणारे अत्याचार ऐकून त्यांनी दूध सोडले होते. पुढे आजारपणात शेळीच्या दुधाची वाट दाखवली ती कस्तुरबांनी. घरच्या बाईचा सल्ला किती मोलाचा असतो, पाहा!

ते चरखे पाहताना मला मात्र मनातून ओशाळल्यासारखे झाले. उमेदीच्या वर्षांत गावोगाव मी नव्या अवजारांचा प्रचार केला. तो योग्यच होता. पण एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने माझ्या सांगण्यावरून वडिलांची तिफण मोडून चुलीत घातली, तेव्हा मी त्याला शाबासकी दिली होती. नवी अवजारे घ्या, एवढेच सांगायला हवे होते. जुने जाळा, असे सांगण्याचे कारण नव्हते.

म्हणून विनंती करतो. घरात मोट, पाभर, जाते, आजीची रवी काही उरले असेल, तर पुसून-सवरून एका कोपऱ्यात ठेवा. कुणी वापरले, कुठल्या साली, हे पाटीवर लिहा. मुलांना मणिभवन दाखवा आणि परत आल्यावर आपल्याच घरातला तो कोपराही दाखवा.